पीजी, पीएच.डी.ला नवीन लागलेल्या आपल्या मराठवाड्यातल्या पोरापोरींनी पहिल्या वर्षात काय करावं

गोदाकाठची
माझ्या बहिणीच्या पोरीचा पीएच.डी.चा प्रवेश झालाय, परवा फोनवर म्हणायली, मावशी आता पुढं काय करायचं असतं ते कुणी सांगतच नाही, कागदपत्रं जमा झाली, फी भरली, गाइड मिळाले, अन् आता मी नुसती बसून आहे. तिला जे सांगितलं तेच इथं लिहायलीय कारण आपल्याकडच्या कितीतरी पोरांची हीच गत आहे. घरात शिकलेले आपणच पहिले, आई-बाप रानात नाहीतर कामाला, त्यांना वाटतं पोरगी मोठ्या शाळेत जायलीय, तिथले मास्तर सांगतील तसं करील. अन् इथं मास्तर सांगत नाहीत, इथं आपण जाऊन विचारायचं असतं, हेच मला कळायला आठ महिने लागले.

आठ महिने म्हणजे खरंच आठ महिने. विषय इतिहासाचा, निजामाच्या काळातले धान्य लेव्हीचे, म्हणजे सरकारनं सक्तीनं घेतलेल्या धान्याचे, कागद. मी रोज विभागात जायचे, सरांच्या केबिनचं दार अर्धं उघडं असायचं, आत सर लिहीत बसलेले दिसायचे, मी दारापर्यंत जाऊन पुढच्या माठातलं पाणी पिऊन परत यायचे. मला वाटायचं सर कामात आहेत, गरज पडली की बोलावतील. पुढं कळलं की सरांना वाटत होतं पोरीला फारसा रस दिसत नाही, नोकरी लागली की सोडून देईल. दोघंही चांगली माणसं, अन् आठ महिने वाया.

मग नांदेडकडच्या एक सीनियर ताई होत्या, त्यांनी मला बसवून सांगितलं की सरांकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, एक पान लिहून न्यायचं. पान म्हणजे पानच, दोन नाही. वर तारीख, मागच्या पंधरा दिवसांत काय वाचलं अन् काय केलं ते चार ओळीत, काय कळलं नाही ते, पुढच्या पंधरा दिवसांत काय करणार ते, आणि खाली तीन प्रश्न. मी पहिलं पान घेऊन गेले तेव्हा हात थरथरत होते. सरांनी चष्मा लावून वाचलं, एका ओळीवर बोट ठेवलं अन् विचारलं, हे १९४६ कुठून आलं?

झालं असं होतं की हैदराबाद संस्थानातल्या जुन्या कागदांवर तारखा फसली सनात, म्हणजे तिथल्या सरकारी वर्षगणनेत, असतात. कुणीतरी सांगितलं होतं ५९० मिळवले की इसवी सन येतं, मी सगळीकडं ५९० मिळवत सुटले होते. पण त्यांचं वर्ष आजुर महिन्यात म्हणजे ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून जानेवारीनंतरच्या कागदाला ५९१ मिळवावे लागतात. माझा कागद होता खुरदाद १३५६ चा, खुरदाद म्हणजे एप्रिलच्या आसपास, ते झालं १९४७. चाळीसेक नोंदी माझ्या एक वर्ष मागं पडल्या होत्या. कोणत्या काळातलं एक वर्ष ते बघा, १९४७ आणि १९४८ ची गोष्ट चालू आहे. ते पान नेलं नसतं तर ही चूक प्रबंधात छापून आली असती अन् व्हायव्हाला म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी धरलं असतं.

म्हणून नवीन पोरांना माझं एकच सांगणं, पंधरा दिवसाला एक पान. भेट झाल्यावर त्याच रात्री जे ठरलं ते गाइडला मेल करायचं, सर आज असं असं ठरलं, मी हे करते, काही राहिलं असल्यास सांगावं. व्हॉट्सॲपवर नको, मेलवरच. दोन वर्षांनी आपल्यालाही आठवत नाही अन् त्यांनाही आठवत नाही की तिसरं प्रकरण का वगळलं होतं.

बाकीच्यांनीही आपापल्या विषयातलं लिहावं, सायन्सवाल्यांनी तर नक्की लिहावं, मला त्यातलं कळत नाही.

मांजराकाठ
ताई पान वगैरे सगळं ठीक आहे पण तुमचे सर चांगले निघाले म्हणून. माझ्या रूममेटचे गाइड त्याला घरची लाइट बिलं भरायला लावायचे, पोराला शाळेतून आणायला लावायचे, दीड वर्ष त्यानं ते केलं कारण सही त्यांची लागते. त्यानं पान नेलं असतं तर टेबलावर तसंच पडलं असतं. अशा पोरानं काय करायचं ते सांगा. आमच्याकडं सगळे म्हणतात गुरूच्या पुढं बोलू नये, पण हे गुरूचं काम आहे का?

गोदाकाठची
नाही, हे गुरूचं काम नाही अन् मी तसं म्हणणारही नाही. पण दादा त्याच पोराला पानाची अन् मेलची गरज सगळ्यात जास्त आहे. यूजीसीचे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएच.डी.चे नियम आहेत, त्यात संशोधन सल्लागार समिती असते, आरएसी म्हणतात तिला, दर सत्राला तिच्यापुढं जाऊन आपली प्रगती मांडावी लागते. गाइड त्या समितीत असतातच पण एकटे नसतात. तिथं नुसतं तोंडी सर वेळ देत नाहीत म्हटलं तर कुणी ऐकत नाही. बारा पानं अन् बारा मेल पुढं ठेवले, तारखांसहित, तर समितीतल्या बाकीच्यांना काहीतरी बोलावंच लागतं. गाइड बदलायची वेळ आली तरी अर्ज विभागप्रमुखांकडं जातो, त्याला हेच कागद जोडायचे. तुमच्या मित्राकडं दीड वर्षाचं काहीच लेखी नव्हतं, बरोबर ना?

मांजराकाठ
नव्हतं. शेवटी त्यानं सोडलं, आता लातूरला क्लासवर शिकवतो. हुशार होता लई.

काळीमाती
परभणीहून लिहितोय, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात एम.एस्सी. ॲग्री केलं, मृदाशास्त्र. ताईंचं इतिहासाचं ठीक आहे, कागद कपाटात थांबतो, आमचं पीक थांबत नाही. एम.एस्सी. दोन वर्षांची म्हणता पण प्रयोगाला खरीप हंगाम मिळतात दोनच, अन् त्यातला पहिला कोर्सवर्क, ॲडव्हायझरी कमिटी, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा ह्यात निघून जातो. म्हणजे हातात एकच. पेरणीच्या वेळी तुमचं बियाणं, खत, प्लॉटचा लेआउट तयार नसंल तर मिरगाचा पाऊस तुमच्या सिनॉप्सिससाठी थांबत नाही. म्हणून नवीन पोरांनी पहिल्या महिन्यातच गाइडला विचारावं की सर माझा प्रयोग खरिपाचा का रब्बीचा, प्लॉट कोणता, तिथं मागच्या वर्षी काय होतं. आधीचं पीक माहीत नसलं तर मातीतल्या नत्राचा आकडा कशामुळं आला ते सांगता येत नाही.

दुसरं नमुन्याचं. हे बारकं वाटतं पण ह्याच्यातच पोरं मरतात. मातीचा नमुना घेताना वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्ही सारखा खड्डा घ्यायचा, १५ सेंटीमीटर खोल, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासायची, अशा आठ-दहा जागच्या एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, परत चार भाग, असं करत अर्धा किलो राहीपर्यंत. वाळवायची ती सावलीत, उन्हात नाही. मग लाकडी दांड्यानं फोडून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची. अन् लेबल दोन, एक पिशवीच्या आत अन् एक बाहेर, पेन्सिलीनं लिहिलेलं. पेन्सिलीनंच. आमच्या बॅचच्या एका पोरानं जेल पेननं लिहिलं होतं, काळी माती ओल धरून ठेवते, आठवड्यानं बघतो तर ३६ पिशव्यांच्या आतल्या चिठ्ठ्यांवर नुसता निळा डाग, अन् बाहेरची लेबलं गळून पडलेली. कोणता प्लॉट कोणता, काही कळेना. पोरगं लॅबच्या पायरीवर बसून रडलं. प्लॉटवर पीक उभं होतं म्हणून परत नमुने घेता आले पण पेरणीआधीचे गेले ते गेलेच, ते परत कुठून आणणार.

नोंदवही कच्ची अन् पक्की अशी दोन ठेवू नका. कच्चीत खरं असतं अन् पक्कीत सुंदर. एकच वही, पानांना नंबर, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला लिहायचं, खोडरबर नाही. रोज संध्याकाळी मोबाइलवर पानाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करायचा.

बीडची_लेक
सगळ्यांना नमस्कार. मी ह्याच वर्षी पीएच.डी.ला लागले, समाजशास्त्र. माझे आई-वडील ऊसतोडीला जातात, मी आजीजवळ राहून शिकले. मला अभ्यासाची भीती नाही पण दोन गोष्टींची आहे. एक इंग्रजीची, सगळे पेपर इंग्रजीत, मी बारावीपासून एम.ए.पर्यंत मराठीतूनच केलं. दुसरी पैशाची. फेलोशिप मिळंल म्हणतात पण कधी ते कुणी सांगत नाही. घरी मागायला नको वाटतं, यंदाच्या ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली आहे. कुणी सांगाल का?

पैठणगेट
पैशाचं मी सांगतो. नेट परीक्षेतून जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप निघाली तर महिन्याला ३७,००० आहेत, दोन वर्षांनी एसआरएफ म्हणजे सीनियर झालात की ४२,०००, हा दर १ जानेवारी २०२३ पासूनचा. जेआरएफ नसंल तर आपल्या राज्याच्या संस्था आहेत, अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी अन् भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. जाहिरात निघाली की मुदत थोडी असते त्यामुळं जातीचा दाखला, व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला हे आत्ताच काढून, स्कॅन करून मोबाइलमध्ये ठेवा. जाहिरात आल्यावर तहसीलला चकरा मारणाऱ्याचा फॉर्म राहतो, मी स्वतः एकदा चुकलो तो ह्याच्यामुळंच.

पण ताई एक मनापासून सांगतो, फेलोशिप मंजूर झाली म्हणजे महिन्याला पगारासारखी येईल असं धरून खोली करू नका. उशिरा येते, कधी सहा-सहा महिन्यांची एकदम येते. प्रगती अहवाल, हजेरी, घरभाड्याचे कागद वेळेवर दिले नाहीत तर आणखी लांबते. पहिलं वर्ष हॉस्टेलवरच काढा, वर्षभराची खानावळ निघंल एवढी दुसरी काहीतरी सोय बघा, कमवा व शिका असंल तर त्यात नाव द्या, त्यात कसलाही कमीपणा नाही.

गोदाकाठची
बीडची_लेक, इंग्रजीचं मी सांगते, कारण मी त्यातून गेले. पूर्ण पेपर पहिल्या शब्दापासून डिक्शनरी घेऊन वाचायचा नाही, तिसऱ्या पानावर दम जातो अन् वाटतं आपल्याला हे जमणारच नाही. आधी सारांश, मग तक्ते, मग शेवटचा निष्कर्ष. मग पेपर उलटा ठेवायचा अन् आपल्या वहीत मराठीत लिहायचं, ह्या माणसानं काय विचारलं, कुणाला विचारलं, त्याला काय सापडलं, अन् आपल्या गावात हे खरं आहे का. आजीला सांगतो तसं. दिवसाला एकच पेपर, पण रोज. दोन-तीन महिन्यात तेच तेच शब्द परत येतात हे कळायला लागतं, प्रत्येक विषयाचे दोनशे-अडीचशे शब्द असतात फार तर, बाकी साधं इंग्रजी असतं.

ह्याचा अजून एक फायदा. मराठीत आपल्या शब्दात लिहिलेलं असलं की प्रबंधात उचलेगिरी होतच नाही. यूजीसीचा २०१८ चा नियम आहे, दुसऱ्याच्या लिखाणाशी सारखेपणा १० टक्क्यांपर्यंत चालतो, त्याच्यावर गेला तर प्रबंध दुरुस्त करून परत द्यावा लागतो, ६० च्या वर गेला तर नोंदणीच रद्द. पोरं शेवटच्या महिन्यात तो आकडा खाली आणायला शब्द उलटसुलट करत बसतात अन् वाक्याचा अर्थच जातो. पहिल्या दिवसापासून स्वतःच्या शब्दात नोट्स काढल्या असत्या तर ही वेळ आली नसती.

अन् मराठीत प्रबंध लिहिणारांनो, युनिकोडमध्येच टाइप करा. जुने फॉन्ट वापरणाऱ्या टायपिंगवाल्याला अजिबात देऊ नका. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंध ठेवतात त्या वेबसाइटवर, कितीतरी मराठी प्रबंध आहेत, वर्षानुवर्षांची मेहनत आहे त्यांत, पण जुन्या फॉन्टमुळं आत शोधता येत नाही, शब्द टाकला तर काहीच निघत नाही. माणसानं पाच वर्षं घालवली अन् ते कुणाच्या हाताला लागत नाही, मला फार वाईट वाटतं ते बघून.

पैठणगेट
शोधगंगेवरून आठवलं, विषय ठरवायच्या आधी तिथं बघाच, तुमच्या विषयावर आधी कुणी काय केलं ते. अन् पेपर विकत घेऊ नका. वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय जानेवारी २०२५ पासून, सरकारी विद्यापीठांतल्या पोरांना १३,००० च्या आसपास जर्नल्स फुकट आहेत, ग्रंथालयात जाऊन लॉगिन कसं करायचं ते विचारा. आमच्या वर्गात निम्म्या पोरांना हे माहीतच नव्हतं.

अन् छापायचं म्हणाल तर चार दिवसात पेपर छापून देतो म्हणून व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, पैसे भरा अन् सर्टिफिकेट घ्या, त्यांच्या नादी लागू नका. यूजीसी केअरची, म्हणजे मान्य जर्नल्सची, यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली तेव्हापासून तर ह्यांचं जास्तच फावलंय. २०२२ च्या नियमात प्रबंध देण्यासाठी पेपर छापलाच पाहिजे अशी यूजीसीची सक्ती राहिली नाही, पण विद्यापीठ स्वतःचा नियम करू शकतं, म्हणून तुमच्या विद्यापीठाचा अध्यादेश काढून वाचा. बीड, जालना, धाराशिव, संभाजीनगरवाल्यांचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा वेगळा अन् नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीवाल्यांचा स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचा वेगळा. मित्राच्या तोंडून ऐकलेला नियम धरून चालू नका.

जालन्याची_सून
मी लग्नानंतर, लेकरू दोन वर्षांचं असताना पीएच.डी.ला लागले त्यामुळं बायांसाठी दोन शब्द. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यापुढं पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढतात, अन् महिलांना त्याच्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत जाता येतं. बाळंतपणाची अन् बालसंगोपनाची मिळून २४० दिवसांची रजाही आहे. मला हे माहीत नव्हतं, विभागातल्या कुणी सांगितलं नाही, मी बाळंतपणात सोडायलाच निघाले होते. सासूबाईंनी अडवलं मला, त्या सातवी शिकलेल्या, म्हणाल्या मी लेकराला बघते पण तू नाव कमी करू नको. तर पोरींनो, नाव कमी करायच्या आधी नियम वाचा अन् रजेचा अर्ज लेखी द्या.

आणि एकटं वाटलं तर सांगा कुणाला तरी. तिसऱ्या वर्षी मला रोज सकाळी उठावंसं वाटत नव्हतं, वाटायचं सगळ्यांचं झालं, माझंच राहिलं. घरी सांगता येत नाही कारण घरच्यांना वाटतं पोरगी बसून वाचतीय, त्यात कसलं दुखणं. टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी बोलले होते, मला उपयोग झाला.

मांजराकाठ
जालन्याची_सून ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

बीडची_लेक
सगळ्यांचे लई आभार. दाखल्यांचं काम उद्याच करते, नॉन-क्रीमी लेयरची मुदत संपलेली आहे हे आत्ता बघितलं. गोदाकाठची ताई, मी पहिलं पान लिहिलंय, मॅडमला सोमवारी भेटायचं आहे. विषय हंगामी वसतिगृहात राहून शिकलेल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचं पुढं काय झालं हा आहे. वाचलेलं अन् पुढचं काम लिहिलंय, प्रश्न हे तीन आहेत, बरोबर आहेत का सांगा. पहिला, वसतिगृहांच्या जुन्या हजेरीच्या नोंदी कुणाकडं मागायच्या अन् पत्र विभागाचं लागंल का. दुसरा, मी स्वतः त्याच समाजातली आहे तर मुलाखती घेताना हे सांगावं का. तिसरा, माझा विषय चांगला आहे का.

गोदाकाठची
पहिला अन् दुसरा एकदम नीट आहेत. दुसरा तर फार मोलाचा आहे, त्याला भरपूर वेळ मागून घे. तिसरा काढ. त्याला मॅडम हो म्हणतील अन् तू घरी येशील, हातात काही येणार नाही. त्याच्या जागी असं विचार, की दिवाळीच्या आसपास टोळ्या निघाल्या की गाव रिकामं होतं, तर पालकांच्या मुलाखती त्याच्या आधी गावात घेऊ का नंतर कारखान्यावर कोपीत जाऊन घेऊ? गावात मुकादम शेजारीच राहतो, त्याच्या उचलीत अडकलेली बाई तिथं वेगळं बोलंल अन् पाचटाच्या कोपीत चुलीपुढं वेगळं बोलंल. तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अन् गावात घ्यायच्या ठरल्या तर वेळ थोडाच आहे, उचल वाटून झालेली आहे, म्हणून सोमवारी जाताना गावांची यादी अन् प्रत्येक गावातून गाड्या कधी हलतात ते आईला विचारून पानाच्या मागच्या बाजूला लिहून ने.

बीडची_लेक
आईला आत्ताच फोन केला. आमच्या गावातून पहिली गाडी दिवाळीच्या चार दिवस आधी जाणार आहे म्हणाली, पाडव्यापर्यंत कुणी थांबणार नाही. शेजारच्या दोन गावांचं उद्या विचारून सांगते म्हणाली.